पान उलटल्याशिवाय नाव सांगू नका

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपच्या निसर्गप्रेमी ग्रुपांवर फोटो यायला लागतात. हिरवं, ओलं, कातरलेलं पान. फोटो वरून काढलेला, कडेला कुणाच्या तरी बुटाचं टोक. खाली प्रश्न, ‘हा कोणता फर्न?’ मिनिटभरात पहिलं उत्तर येतं, ‘हंसराज’. दुसरं उत्तर लॅटिनमध्ये येतं, कारण दुसऱ्याने ॲप उघडलेलं असतं. तिसरा अंगठा वर करतो, चौथा ‘खूप छान माहिती’ लिहितो, आणि प्रकरण मिटतं. पानाची मागची बाजू कुठे आहे, हे कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी भांडण म्हणूनच मांडतोय. नेच्याच्या पानाची पाठ न बघता सांगितलेलं प्रजातीचं नाव ही माहिती नाही, अफवा आहे. अफवा लॅटिनमध्ये असली म्हणून तिचं शास्त्र होत नाही. आणि ही अफवा महाबळेश्वरपेक्षा नेरला जास्त महाग पडते. ते कसं, हे पुढे येईलच.

नेचा म्हणजे फर्न. त्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. आपली झाडं ओळखायची सवय सगळी फुला-फळांवर बेतलेली. बाभूळ की खैर असा गोंधळ झाला तर आपण फुलोऱ्याकडे बघतो. बाभळीचे पिवळे गोल गोंडे, खैराचे लांबट तुरे. शेंग मिळाली तर प्रश्नच मिटला. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, खैराची चपटी. नेच्याकडे यातलं काही नसतं. त्याची सगळी कागदपत्रं पानाच्या पाठीवर असतात. बीजाणू तयार करणाऱ्या बारीक डब्या तिथे पुंजक्यांनी बसतात. कुठे गोल ठिपके, कुठे मूत्रपिंडाच्या आकाराचे, कुठे कडेने सलग रेघ. कुठे त्यांवर पातळ पडदा असतो, कुठे पानाची कडच दुमडून झाकण होते, तर कुठे काहीच नसतं. कुळ, प्रजाती, सगळा हिशोब इथून सुरू होतो. वरून काढलेल्या फोटोवरून नेचा ओळखणं म्हणजे आधार कार्डावर डोक्याच्या मागचा फोटो लावणं. (कुंडीतल्या फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसले म्हणून त्यावर कीडनाशक मारणारे लोकही आहेत. त्या बिचाऱ्याला वयात आल्याची शिक्षा.)

आता हंसराजच घ्या. मराठीत नाव एक, रानात वनस्पती निदान तीन.

पहिली ॲडिअँटम फिलिपेन्से. लिनियसने १७५३ साली हे नाव ठेवलं. नाव फिलिपाइन्सचं असलं तरी दख्खनच्या ओढ्याकाठच्या दरडींवर आणि दगडांच्या सांदीत पावसाळ्यात ही सर्रास दिसते. हिचं पान एकदाच विभागलेलं असतं. मधोमध काळसर, चकचकीत देठ, दोन्ही बाजूंना अर्ध्या चंद्रासारख्या पर्णिका, आणि प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा बारीक, तारेसारखा देठ. अंगावर केस नाहीत. पानाचं टोक लांबत जातं, जमिनीला टेकतं, तिथे मूळ धरतं आणि नवं रोप उभं करतं. म्हणून इंग्रजीत हिला ‘चालणारा फर्न’ म्हणतात.

दुसरी ॲडिअँटम इनसायझम. हीही टोकाने मूळ धरते. तेव्हा ‘टोक मूळ धरतंय, म्हणजे फिलिपेन्सेच’ असं म्हणणारा इथे फसतो. पण हिच्या अंगावर लव आहे. पान उजेडासमोर धरा, देठाची कड केसाळ दिसेल. पर्णिकांना देठ जवळजवळ नाहीच, आणि त्यांची वरची कड कात्रीने कापल्यासारखी चिरलेली. जुन्या याद्यांमध्ये हिला कॉडेटम म्हटलेलं सापडतं. कॉडेटम ही खरं तर हिची वेगळी बहीण, पण दोघींना बरीच वर्षं एकाच नावाखाली कोंबलं गेलं.

तिसरी ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. युनानी औषधांत परसियावशान म्हणतात ती ही. हिचं पान दोन-तीनदा विभागतं आणि शेवटचे तुकडे छोट्या पंख्यांसारखे असतात. टोक मूळ धरत नाही. हिला चुन्याची ओल लागते, म्हणून ही जुन्या बांधीव विहिरीत, पाझरणाऱ्या भिंतीवर, टाकीच्या गळक्या कोपऱ्यात भेटते. आता गंमत अशी की हिच्या कोवळ्या रोपाचं पान साधं असतं, कधी एकदाच विभागलेलं. त्या वयात वरून फोटो काढला तर ही पहिलीसारखी दिसू शकते.

तिघींत समान काय? पाण्याचा थेंब पानावर थांबत नाही, घरंगळतो. ‘ॲडिअँटम’ हा शब्दच ‘न भिजणारी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. आणि तिघींच्या पानाची कड मागे दुमडलेली असते. पण दुमडलेली कड इतर नेच्यांतही असते. फरक पुढे आहे. टेरिस किंवा कायलँथिस या नेच्यांमध्ये बीजाणूंच्या डब्या पानावर बसतात आणि कड वरून नुसतं पांघरूण घालते. ॲडिअँटममध्ये डब्या त्या दुमडलेल्या पदरावरच असतात. साध्या सेफ्टी पिनने पदर उचलून बघा. पदराबरोबर डब्या उचलल्या गेल्या तर ॲडिअँटम. हे बघायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. पिन लागते आणि दोन मिनिटं थांबायची तयारी लागते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. हंसराजाच्या एकाच रोपाचे तीन फोटो काढा. एक वरून, एक फक्त टोकाचा, एक पाठीचा. तिन्ही वेगवेगळे करून तुमच्या आवडत्या ॲपला द्या. तीनदा एकच नाव आलं तर छान. नाही आलं, तर त्यातलं कुठलं नाव तुम्ही ग्रुपवर टाकलं असतं, हे मनाशी प्रामाणिकपणे सांगा.

ॲपला दोष देणं सोपं आहे, पण माझा राग ॲपवर नाही. चित्र ओळखणारं यंत्र माणसांनी नावं चिकटवलेले फोटो बघून शिकतं. ज्या भागातून फोटो जास्त, त्या भागातल्या वनस्पतींचं त्याचं ज्ञान जास्त. पावसाळ्यात ताम्हिणीला जेवढे कॅमेरे असतात त्याच्या शतांशही दारव्हा-नेर रस्त्यावर नसतात, हे सांगायला सर्वेक्षण नको. मग नावाचा शिक्का कसा बसतो ते बघा. आयनॅचरलिस्ट हा २००८ साली बर्कलीतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभा राहिलेला मंच. खरोखर उपयोगी आहे. तिथे नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ हा दर्जा मिळायला निदान दोन जणांनी ओळख द्यावी लागते आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत लागतं. मतदान वाईट नाही, पण मतदाराने बघितलं काय? ॲपने सुचवलेलं नाव पहिल्याने स्वीकारलं आणि पहिल्याने लिहिलंय म्हणून दुसऱ्याने ‘सहमत’ दाबलं, तर मतं दोन झाली, पुरावा शून्यच राहिला. पुढे परवाना मोकळा असेल तर ती नोंद कोपनहेगनला मुख्यालय असलेल्या जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते. नेरची अफवा कोपनहेगनला पोचते. तिथून एखाद्या संशोधकाच्या नकाशावर ठिपका होऊन परत येते, आणि आता ती अफवा राहिलेली नसते, ‘डेटा’ झालेली असते.

त्यापेक्षा ‘ॲडिअँटम, प्रजाती ठरवता आली नाही’ असं लिहिलेली नोंद शंभर पटींनी चांगली. आपल्याला हे लिहायला लाज का वाटते? परीक्षेत कोरी जागा सोडू नये, काहीतरी लिहावं, अशी शिकवण मिळालेली पिढी आहे आपली. रानात तोच नियम चालवला की असं होतं.

पुस्तकंही यातून सुटलेली नाहीत. पानाखाली पांढरी पूड असणारा नेचा अनेकांनी पाहिला असेल. पान हाताच्या पाठीवर दाबलं की पांढरा ठसा उमटतो. सह्याद्रीत फिरायला गेलेली पोरं हातभर ठसे घेऊन येतात. हा कोरड्या खडकांतही वाढतो. उन्हाळ्यात मुठीसारखा आवळून बसतो आणि पावसात उघडतो. त्याचं नाव कुणालाही विचारा, ‘कायलँथिस फॅरिनोसा’ हे उत्तर ठरलेलं. फॅरिनोसा हे नाव फोर्स्कोलचं. हा लिनियसचा शिष्य. वनस्पती गोळा करायला येमेनला गेला आणि १७६३ मध्ये तिथेच तापाने वारला. त्याची टिपणं १७७५ मध्ये छापून आली, त्यात हा येमेनचा नेचा आहे. भारतीय नेच्यांवर आयुष्य घालवलेले ब्रिटिश अभ्यासक ख्रिस्तोफर फ्रेझर-जेन्किन्स यांचं म्हणणं असं की खरा फॅरिनोसा आफ्रिका-अरबस्तानचा. भारतात त्या नावाखाली जे मोडतं त्या दुसऱ्याच प्रजाती आहेत, आणि त्याही एक नाही, अनेक. त्या वेगळ्या करायच्या तर पूड बघून भागत नाही, पूड सगळ्यांनाच असते. देठावरचे खवले बघावे लागतात. ते एकाच रंगाचे आहेत की मधोमध गडद आणि कडेला फिकट? बुडाशीच थांबतात की मधल्या शिरेपर्यंत चढतात? हे फोटोत दिसायला तुम्ही देठ फोटोत घ्यायला हवा. आपण घेत नाही, कारण देठ सुंदर दिसत नाही.

देठ सोडण्याची सवय दुसरीकडेही नडते. नाल्याच्या कडेला, पुलाखाली, हापशाच्या सांडपाण्यावर गुडघाभर वाढणारा, कुणाचं लक्ष न जाणारा नेचा म्हणजे बहुधा क्रिस्टेला. त्यातल्या डेंटाटामध्ये पानाच्या बुडाकडे पर्णिका लहान लहान होत जातात, पॅरासिटिकामध्ये फारशा होत नाहीत. (पॅरासिटिका हा नावापुरताच परजीवी, स्वतःचं अन्न स्वतः करतो. नावं ठेवणाऱ्यांनीही कमी घोळ घातलेले नाहीत.) म्हणजे उत्तर पानाच्या तळाशी, आणि फोटो पानाच्या शेंड्याचा. शेंड्यावरून यांतला फरक मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.

आता थोडं पाण्यात उतरू. तलावाच्या काठाला, धानाच्या बांधीत चार पाकळ्यांसारखी पानं असलेलं रोप दिसतं. चारच पानं, अधिकचं चिन्ह काढावं तशी. लोक त्याला आंबुटी समजतात. आंबुटीला पानं तीन, चव आंबट, फुलं पिवळी. हे चार पानांचं मार्सिलिया, हा नेचा आहे. बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनी याच्या देठाचा आडवा छेद जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलींनी काढलेला असतो. त्यातल्या कितींनी तो गावच्या तळ्यात पाहिलाय, हे त्यांनाच विचारा. आणि क्वाड्रिफोलिया हे नाव पाठ असल्यामुळे चार पानं दिसली की तेच लिहिलं जातं. भारतात सगळीकडे जास्त दिसतो तो मार्सिलिया मिनुटा. दोघांनाही चार पानं! नक्की ठरवायचं तर देठाच्या बुडाशी चिखलात दडलेल्या, डाळीच्या दाण्याएवढ्या कठीण बीजाणूफळांकडे जावं लागतं. पाणी ओसरेपर्यंत थांबावं लागतं.

याच मार्सिलियाच्या ऑस्ट्रेलियातल्या भावंडाची गोष्ट मला नेहमी आठवते. त्याला तिथे नारडू म्हणतात. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स हे गोरे प्रवासी खंड ओलांडून परत येताना कूपर क्रीकच्या काठी अडकले. तिथले यांद्रुवांधा लोक नारडूची बीजाणूफळं खातात, हे त्यांनी पाहिलं होतं. वनस्पती सापडली, नाव कळलं, पीठ करून खाल्लंही. तरी माणसं खंगत गेली आणि दोघंही मेले. नारडूत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. स्थानिक लोक बीजाणूफळं भाजून, पाण्यासोबत दळून ते काबूत ठेवत. ती रीत या दोघांनी उचलली नव्हती. तिसरा सोबती किंग यांद्रुवांधांच्या आसऱ्याला राहिला आणि वाचला. नाव माहीत असणं आणि वनस्पती माहीत असणं यांत केवढं अंतर असतं, ते कूपर क्रीकला बघा.

आपल्याकडे कुणी नेचे खाऊन मरत नाही, पण औषध म्हणून विकत घेतं. मयूरशिखा या नावाचं काय झालंय बघा. दगडांच्या फटीत उगवणारा, छोट्या ताडाच्या पंख्यासारखा ॲक्टिनिओप्टेरिस रेडिएटा म्हणजे मयूरशिखा, असं एक मत. कोंबड्याच्या तुऱ्यासारखं फूल असलेला सिलोशिया म्हणजे मयूरशिखा, असं दुसरं. वर आलेला ॲडिअँटम कॉडेटमही त्या रांगेत उभा आहे. आयुर्वेदाचे अभ्यासकच याला संदिग्ध द्रव्य म्हणतात. म्हणजे एका चिठ्ठीवर दोन दुकानांतून दोन वेगळी झाडं मिळू शकतात, त्यातलं एक तर नेचाही नाही. ‘लोकनाम वापरा, लॅटिन कशाला’ असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी याचं उत्तर द्यावं. मला लोकनामं प्रिय आहेत. पण लोकनाम हा पत्ता आहे. त्या घरात कोण राहतं हे आत जाऊन बघावंच लागतं.

आता नेरकडे येतो. अमरावतीहून यवतमाळला जाताना बस जिथे चहाला थांबते ते नेर, जुनं नाव नेर परसोपंत. काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन, पुढे सागाचं पानगळीचं रान. ‘विदर्भात कुठले आलेत नेचे?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईत विचारला जातो, तसाच यवतमाळातही विचारला जातो. याला एक इतिहास आहे. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातले जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डि'अल्मेडा यांनी १९२२ मध्ये ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ काढला. पण १९२२ मध्ये नेर मुंबई इलाख्यात नव्हतं. वऱ्हाड १८५३ पासून निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या ताब्यात होतं, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं. मुंबई राज्यात ते आलं १९५६ मध्ये. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने राज्याच्या फुलझाडांचे जाडजूड खंड काढले, एकदल १९९६ मध्ये, द्विदल २००० आणि २००१ मध्ये. एकदल आणि द्विदल. नेचा यांपैकी काहीच नाही. म्हणजे इलाख्याच्या ग्रंथाने वऱ्हाड वगळलं आणि राज्याच्या ग्रंथांनी नेचे वगळले. दोन्हीकडून गळालेल्या जागी आपण उभे आहोत. आणि जिथे जुनी पक्की नोंद विरळ असते, तिथे एक चुकीची नवी नोंद फार लांब जाते. सह्याद्रीत दहा जण दुरुस्ती करायला असतात. नेरच्या नोंदीला आव्हान द्यायला कोण येणार?

दुसरं कारण जास्त निकडीचं आहे. नेच्याच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो की पाण्याच्या पातळ थराशिवाय पुढे जाताच येत नाही. बीजाणूतून नखाएवढी, बदामाच्या आकाराची हिरवी चकती उगवते. तिच्यावरच्या नरपेशी पाण्यातून पोहून मादीपेशीपर्यंत जातात. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या मुलखात हा थर बारमाही कुठे टिकणार? दगडी बांधीव विहिरीत. चुन्याच्या दर्जा, सतत पाझर, खोल सावली. कॅपिलस-व्हेनेरिसला हेच हवं आणि टेरिस व्हिटाटालाही. (टेरिस व्हिटाटा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. आपल्याकडे तो ‘भिंत फोडणारं गवत’ म्हणून उपटला जातो.) विहिरीच्या काठावर बसून झूम करून भिंत न्याहाळत बसलात तर कुणीतरी थांबून विचारतंच, ‘काय हरवलं बाप्पा?’ हरवत चाललेली ती विहीरच आहे. नवी विहीर सिमेंटच्या कड्यांची, गुळगुळीत, तिला फट नाही. जुनी बुजते, झाकली जाते किंवा कचऱ्याने भरते. जुन्या चुन्याच्या पुलांच्या जागी काँक्रीटचे पूल येतात. हे थांबवा असं मी म्हणत नाही, लोकांना पाणी आणि रस्ते हवेत. पण विहीर बुजण्याआधी तिच्यात काय होतं ते नीट लिहिलेलं असावं. ‘हंसराज’ असं मोघम नव्हे.

लिहिण्याची जागा कायद्याने करून ठेवलेली आहे. जैविक विविधता कायदा २००२चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. राज्याचं जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपूरलाच आहे, म्हणजे दूरच्या मुंबईला नावं ठेवायचीही सोय नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची तारीख दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाखांच्या भरपाईची तंबी दिली. मग देशभर वह्या भरायची घाई झाली. वर्षानुवर्षं कोऱ्या राहिलेल्या वह्या काही महिन्यांत भरतात, तेव्हा कुणी पान उलटून बघितलेलं नसतं. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन ही वही मागा. ती बघायला मागण्यात काही चूक नाही. त्यात एक तरी नेचा आहे का बघा. असला, तर कुठल्या विहिरीत, कुठल्या महिन्यात, कशावरून ओळखला, हे लिहिलंय का तेही बघा.

यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, ‘हे तज्ज्ञांचं काम आहे’. भारतात नेचे आणि त्यांचे आप्त मिळून हजाराहून जास्त प्रजाती, आणि त्या ओळखू शकणारी माणसं मूठभर. ती नेरला येणार नाहीत. आली तरी एका दिवसासाठी, आणि तो दिवस बहुधा चुकीच्या महिन्यातला असेल. नेचा वर्षभर बघणं तिथे राहणाऱ्यालाच शक्य आहे. तज्ज्ञाला नाव देता येईल असा पुरावा जमवणं, हे आपलं काम.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ‘ॲपमुळे पोरं रानात जायला लागली, तुम्ही त्यांना आता पिना आणि खवले दाखवून पळवून लावणार’. पोरं रानात जायला लागली हे खरं. पण ती थांबतात का? नाव आलं की पुढच्या रोपाकडे. ॲप नाव देतं त्या क्षणी बघणं संपतं, ही माझी तक्रार आहे. फोन खिशात ठेवा असं मी म्हणत नाहीच. आजोबांच्या काळात वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या भिंगासाठी तरसायचे ते तुमच्या फोनच्या मॅक्रो मोडमध्ये आहे. जागा, तारीख, वेळ तो आपोआप लिहितो. त्याला भिंग म्हणून वापरा, न्यायाधीश म्हणून नको.

एका बाबतीत मात्र मी स्वतः हात आखडता घेतो. पावसात गवताळ माळावर जिभेसारखं एकच पान आणि त्यातून उभी राहिलेली बारीक काडी दिसली तर तो ऑफिओग्लॉसम, सर्पजिव्हा. काही आठवडे दिसतो आणि जमिनीत गडप होतो. याच्या एका प्रजातीच्या पेशीत बाराशेहून जास्त गुणसूत्रं मोजली गेलीत, माणसात ४६ असतात. २०१८ मध्ये गुजरातेतल्या डांगमधून ऑफिओग्लॉसम माल्व्हिये ही नखाएवढी प्रजाती जाहीर झाली, तेव्हा ती वेगळी आहे हे सिद्ध करायला बीजाणूंचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागला होता. रानात यांतला फरक करायचा एक मार्ग म्हणजे उपटून खालचा कंद बघणं. कॉस्टाटमचा गोल गड्ड्यासारखा असतो. पण एका नावासाठी माळावरची चार रोपं उपटायची? मी नाही उपटत. वहीत ‘ऑफिओग्लॉसम’ एवढंच राहतं, आणि समोरचा हिरमुसला तरी हरकत नाही.

नोंद कशी असावी म्हणता? जुलैच्या शेवटी ते सप्टेंबर हा काळ. बीजाणू पिकल्याशिवाय पाठ कोरी असते, म्हणून पहिल्या पावसाच्या उत्साहात नावं ठरवू नका, त्याच रोपाकडे महिन्याने परत जा. चार फोटो काढा. सगळं रोप आणि भोवतालची जागा, बुडापासूनचा देठ, पानाची पाठ, आणि कड दुमडलेली असेल तर ती उचलून. शेजारी एक रुपयाचं नाणं. खाली लिहा की दगड कसला, चुना आहे की नाही, पाणी कुठून येतं, ऊन किती वेळ. टोकाला मूळ होतं का. लव होती का. आणि नावाच्या रकान्यात जेवढं दिसलं तेवढंच. मेमध्ये त्याच विहिरीवर पुन्हा जा, पण कठड्यावर ओणवे होऊ नका, झूम वापरा. वाळलेल्या देठांचे काळे केस भिंतीला चिकटलेले दिसले तर तेही लिहा.